टनांचे किलोज्यूल होत नाहीत: प्रेसचा जोर आणि प्रेसचा दम

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कारखान्यात १०० टनांची क्रँक प्रेस आहे, म्हणजे फिरत्या जड चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) गतीवर स्लाइड नावाचा भाग वर-खाली करून पत्रा दाबणारे यंत्र. तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे ब्लँकिंग होते, म्हणजे पंच दाबून ठरल्या आकाराचा तुकडा (ब्लँक) कापून काढला जातो. त्याला हिशोबाने ६४ टन लागतात आणि ते दिवसभर बिनतक्रार चालते. त्याच प्रेसवर ४० मिलिमीटर खोलीची वाटी ओढायला (पत्रा दाबून खोलगट करायला, याला ड्रॉ म्हणतात) घेतली, तिला कुशन (सुरकुत्या पडू नयेत म्हणून पत्र्याची कड खालून दाबून धरणारी हवेची गादी) धरून जास्तीत जास्त ३० टन लागतात, तरी सहाव्या-सातव्या नगाला फ्लायव्हील मंदावते, स्लाइड मध्येच थांबते आणि मोटरचा ओव्हरलोड रिले (अतिभार आला की मोटर बंद करणारा स्विच) ट्रिप होतो. कॅटलॉगमध्ये टन, किलोन्यूटन-मीटर आणि किलोज्यूल अशी तीन एकके दिली आहेत. विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: या तिन्हींचे एकमेकांत रूपांतर करणारा आकडा कोणता, आणि १६० टनांची प्रेस घेतली तर अडचण सुटेल का.

दोन्हींची उत्तरे आधी देतो आणि मग कारणे सांगतो. टनांचे किलोज्यूल करणारा आकडा कोणत्याही तक्त्यात मिळणार नाही, कारण टन हे इथे बलाचे एकक आहे आणि किलोज्यूल हे ऊर्जेचे. दोघांच्या मध्ये अंतर उभे असते आणि ते अंतर दर जॉबला बदलते. किलोन्यूटन-मीटर दिसायला ऊर्जेच्या एककासारखे असले, तरी कॅटलॉगच्या त्या ओळीत ते आघूर्णाचे, म्हणजे टॉर्कचे, एकक आहे आणि ती तिसरीच राशी आहे. राहिली १६० टनांची गोष्ट: ती प्रेस तुमची वाटी ओढेल की नाही हे तिच्या टनांवरून ठरतच नाही. ती घेतल्यावरही सातव्या नगाला अडकली, तर मला नवल वाटणार नाही.

बलापासून सुरुवात करू. १ किलोग्रॅम वस्तुमानाचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका वाढवणारे बल म्हणजे १ न्यूटन. कारखान्यात आपण ज्याला टन म्हणतो ते १००० किलोग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी जितक्या बलाने ओढते तितके बल असते, म्हणजे ९८०७ न्यूटन किंवा ९.८१ किलोन्यूटन. घाईत १ टन म्हणजे १० किलोन्यूटन धरले तरी चूक २ टक्क्यांची होते, आणि प्रेसच्या हिशोबात पत्र्याच्या कडकपणातला फरकच त्याहून मोठा असतो, म्हणून मी स्वतः तोंडी हिशोबात १० धरतो. महत्त्वाचे हे की बल ही त्या क्षणाची आणि त्या जागेची गोष्ट आहे. स्लाइड तळापासून अमुक उंचीवर असताना पंचावर किती बल आहे, असाच प्रश्न विचारता येतो. ‘या कामाला एकूण किती बल लागले’ या प्रश्नाला अर्थ नाही.

एकूण काही लागत असेल तर ती ऊर्जा. १ न्यूटन बलाने, बलाच्याच दिशेने, १ मीटर सरकवले की १ ज्यूल ऊर्जा खर्ची पडते. ही व्याख्या पाठ सगळ्यांना असते, पण तिच्यातले अंतर लोक वाचून सोडून देतात. कापडाच्या दुकानात कोणी विचारले की ‘या कापडाचा पन्हा ४४ इंच आहे, तर ते किती चौरस मीटर होईल’, तर दुकानदार आधी विचारील की लांबी किती घ्यायची आहे. बल म्हणजे पन्हा, स्लाइडने बल लावत कापलेले अंतर म्हणजे लांबी, आणि ऊर्जा म्हणजे कापडाचे क्षेत्रफळ. ही केवळ उपमा नाही. उभ्या अक्षावर बल आणि आडव्या अक्षावर स्लाइडचे अंतर घेऊन आलेख काढला, तर त्याखालचे क्षेत्रफळ खरोखरच ज्यूलमध्ये येते. ब्लँकिंग म्हणजे मोठ्या पन्ह्याची चिंधी आणि ड्रॉ म्हणजे अरुंद पन्ह्याचा भला लांब तागा.

आता तुमचेच आकडे मांडून पाहू. ब्लँकचा परीघ ६०० मिलिमीटर, पत्रा ३ मिलिमीटर आणि सौम्य पोलादाचे कर्तन सामर्थ्य दर चौरस मिलिमीटरला ३५० न्यूटन धरले, तर बल ६००×३×३५० म्हणजे ६,३०,००० न्यूटन, अर्थात ६३० किलोन्यूटन, म्हणजेच तुमचे ६४ टन. परंतु पंचाला पत्र्याची सगळी जाडी कापावी लागत नाही. जाडीच्या साधारण ४० टक्के, म्हणजे १.२ मिलिमीटर, आत गेला की उरलेला भाग फुटून सुटतो आणि तो ‘ठण्ण’ आवाज येतो. सगळ्या १.२ मिलिमीटरभर पूर्ण ६३० किलोन्यूटन लागले असे धरले तरी ऊर्जा ७५६ ज्यूलच होते. पाऊण किलोज्यूल. शंभर ग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला साधारण १ ज्यूल लागतो हे लक्षात ठेवले, तर पाऊण किलोज्यूल म्हणजे ७७ किलोचे पोते एक मीटर उचलण्याइतके काम, एवढेच.

ड्रॉच्या वेळी सर्वाधिक बल ३० टन, म्हणजे २९४ किलोन्यूटन आहे. ते सगळ्या खोलीभर तितकेच राहत नाही. सुरुवातीला चढते आणि शेवटी फ्लँज, म्हणजे वाटीभोवतीची सपाट कड, संपत आली की उतरते, म्हणून सरासरी ७० टक्के, म्हणजे २०६ किलोन्यूटन धरू. खोली ४० मिलिमीटर म्हणजे ०.०४ मीटर. गुणाकार ८.२४ किलोज्यूल येतो. बल निम्म्याहून कमी आणि ऊर्जा अकरा पट. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती नेहमी विसरली जाते: कुशन खालून वर ढकलत असते आणि स्लाइड तिला पूर्ण ४० मिलिमीटर खाली दाबत नेते, त्यामुळे कुशनचे प्रत्येक टन ऊर्जेच्या हिशोबात पूर्ण खोलीभर मोजावे लागते. तुम्ही कुशन ३० टनांत धरली आहे, हे चांगले केले. सुरकुत्या पडतात म्हणून ऑपरेटरने हवेचा दाब हळूच वाढवला, तर मात्र हा हिशोब वर सरकतो.

ही ऊर्जा देणार कोण? मोटर नव्हे, निदान त्या क्षणी तरी नव्हे. ती फ्लायव्हील देते. समजा फ्लायव्हीलचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम आहे, ते सरासरी ०.४ मीटर त्रिज्येवर पसरलेले आहे असे धरता येते, आणि ते मिनिटाला २५० फेरे घेते. त्याचे जडत्व आघूर्ण ६४ किलोग्रॅम-चौरस मीटर, कोनीय वेग सेकंदाला २६.२ रेडियन, आणि साठलेली ऊर्जा जवळपास २१.९ किलोज्यूल. ही सगळी ऊर्जा वापरता येत नाही, कारण सगळी काढली तर चाक थांबेल. साधारण नियम असा की एका स्ट्रोकला वेग १५ टक्क्यांहून अधिक उतरू देऊ नये. वेग १५ टक्के उतरला की ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे उतरते, म्हणजे पावणे-अठ्ठावीस टक्के बाहेर पडते. आपल्या चाकाच्या बाबतीत ६.१ किलोज्यूल. ब्लँकिंगला पाऊणच हवी होती, म्हणून चाकाला पत्ताही लागत नव्हता. ड्रॉला ८.२४ हवी आहे. ती काढली की वेग २१ टक्के उतरतो, पट्टे कुरकुरतात, मोटर करंट ओढते, पण पहिला नग निघतो.

मग सातव्याला काय होते? इथे आणखी एक राशी येते, तिचे नाव शक्ती आणि एकक वॅट, म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. तुमची प्रेस सलग चालवली तर मिनिटाला ३० स्ट्रोक मारते, म्हणजे दोन सेकंदांत एक. मोटर ५ अश्वशक्तीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची असावी असे धरतो, कारण या मापाच्या प्रेसवर ती मला पुष्कळदा दिसली आहे. दोन सेकंदांत ती ७.४ किलोज्यूल देते; पट्टे, गिअर, बेअरिंगचे घर्षण वजा जाता ५.९ च्या आसपास चाकापर्यंत पोहोचतात. दर स्ट्रोकला खर्च ८.२४ आणि जमा ५.९, म्हणजे २.३ किलोज्यूलची तूट. चाकात सुरुवातीला २१.९ होते. सहा नग होईपर्यंत त्यातले जवळपास १४ किलोज्यूल तुटीत गेलेले असतात, आणि सातव्या नगाच्या आधी चाकात आठच्या आत उरते, जे त्या एका नगालाही पुरत नाही. हिशोब ढोबळ आहे. वेग उतरला की फेरी लांबते, आणि मोटर ठरलेल्यापेक्षा अधिक करंट ओढून काही भर घालते, म्हणून एखादा नग पुढे-मागे होईल. पण प्रेस का अडकते याचे उत्तर हेच आहे, आणि त्यात टन कुठेही आलेले नाहीत.

हे मला पुस्तकातून समजले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी भोसरीच्या एका शॉपमध्ये नेमकी अशीच अडचण आली होती आणि मी मोठ्या टनांच्या प्रेसची मागणी टाइप करून वर पाठवायला निघालो होतो. आमचे फोरमन, ज्यांना सारा शॉप तात्या म्हणत असे, त्यांनी तो कागद वाचला, चश्मा कपाळावर चढवला आणि मला प्रेसपाशी नेऊन म्हणाले, ‘साहेब, हिला जोर कमी नाही, दम कमी आहे.’ मग ऑपरेटरला सलग चालवणे बंद करून एकेक स्ट्रोक मारायला सांगितले, आणि स्वतः हातातल्या घड्याळाकडे बघत दर नगानंतर बोटाने ‘थांब’ अशी खूण करत राहिले. वीस-पंचवीस नग झाले. प्रेस एकदाही अडकली नाही. कागद मी फाडून टाकला. जोर म्हणजे न्यूटन, दम म्हणजे ज्यूल. आणि दम किती वेगाने परत भरून येतो ते वॅट. गेली तीस वर्षे मी नव्या मुलांना याच तीन शब्दांत समजावत आलो आहे, आणि आखाड्यात गेलेल्या मुलाला ते लगेच कळते.

आता किलोन्यूटन-मीटरकडे वळू, कारण खरा सापळा तिथे आहे. क्रँक प्रेसचे १०० टन सगळ्या स्ट्रोकभर मिळत नाहीत. कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे बल तळबिंदूच्या, म्हणजे स्लाइडच्या सर्वांत खालच्या जागेच्या, इतके मिलिमीटर वर मिळेल. तुमच्या प्रेसचा स्ट्रोक १०० मिलिमीटर आणि हे अंतर ५ मिलिमीटर धरले, तर क्रँकशाफ्टवर २१.४ किलोन्यूटन-मीटर टॉर्क येतो. तोच टॉर्क कायम ठेवून वर जात राहिलो, तर तळाच्या २० मिलिमीटर वर ५४ टन, ४० मिलिमीटर वर साडेचव्वेचाळीस टन आणि मधोमध, म्हणजे ५० मिलिमीटर वर, जेमतेम साडेत्रेचाळीस टन उरतात. तुमच्या ड्रॉला सुरुवातीपासून ३० टनांच्या आतच लागतात, म्हणून या कसोटीवर ती पास होते. पण ६४ टनांचे एखादे काम तळापासून २५ मिलिमीटर वर सुरू होत असेल, तर १०० टनांची पाटी असलेल्या याच प्रेसवर ते शाफ्टला झेपणारे नाही.

पाहा, टॉर्क २१.४ किलोन्यूटन-मीटर आणि चाकातली ऊर्जा २१.९ किलोज्यूल. ज्यूल म्हणजे न्यूटन-मीटर असे शाळेत शिकलेला मनुष्य हे दोन आकडे शेजारी पाहून खूश होतो आणि दोन्ही एकच आहेत असे ठरवून टाकतो. हा निव्वळ योगायोग आहे. ऊर्जेतला मीटर हा बलाच्या दिशेने प्रत्यक्ष सरकलेला मीटर आहे. टॉर्कमधला मीटर हा बलाला काटकोनात असलेला, कुठेही न सरकणारा, नुसता दांड्याच्या लांबीचा मीटर आहे. टॉर्क पाना १०० न्यूटन-मीटरला लावून गंजलेल्या नटावर तुम्ही लोंबकळलात आणि नट हललाच नाही, तर टॉर्क पुरा १०० आहे आणि नटावर केलेले कार्य शून्य ज्यूल. तोच टॉर्क ठेवून नट ३० अंश फिरला, तर ०.५२ रेडियन गुणिले १००, म्हणजे ५२ ज्यूल. फिरण्यात कोन हा अंतराची जागा घेतो आणि कोनाला एकक नसल्यामुळे कागदावर दोघे सारखे दिसतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय पद्धतीत टॉर्कला ज्यूल म्हणत नाहीत, न्यूटन-मीटरच लिहितात. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन प्रेसच्या पुस्तिकांत तर टॉर्क आणि फ्लायव्हीलची ऊर्जा दोन्ही ‘इंच-टन’ याच एककात सापडतात, आणि त्यांतही ब्रिटिश टन २२४० पौंडांचा आणि अमेरिकन २००० पौंडांचा. अशा पुस्तिकेत आधी ओळीचे शीर्षक वाचावे, आकडा नंतर.

प्रेस अडकली की ती जोरासाठी अडकली की दमासाठी, हे स्लाइड कुठे थांबली त्यावरून जवळजवळ नेहमी ओळखता येते. दम संपला तर स्लाइड कामाच्या मध्यावर, तळापासून बऱ्याच वर, हळूहळू मंदावत थांबते आणि चाकही थांबलेले असते. जोराचा अतिरेक झाला, म्हणजे डायमध्ये (साच्यात) दोन ब्लँक एकावर एक गेले किंवा शट हाइट (स्लाइड तळाशी असताना तिच्याखाली उरणारी उंची) चुकली, तर ती तळाशी घट्ट जाम होते, एकदम. तिथे अंतर इतके थोडे असते की लहानशी ऊर्जा राक्षसी बल तयार करते: १ किलोज्यूल ऊर्जा ०.२ मिलिमीटरमध्ये जिरवायची म्हटली, तर सरासरी बल ५००० किलोन्यूटन, म्हणजे ५०० टनांच्या वर जाते. पाटीवरचे १०० टन ही प्रेसला किती जोर करता येतो याची मर्यादा नसून फ्रेमला आणि शाफ्टला किती सोसवतो याची मर्यादा आहे, हे तळाशी गेल्यावर कळते, आणि ज्यांच्या फ्रेमला तडा गेला आहे त्यांना ते सांगावे लागत नाही.

याच्या उलट बाजूला फोर्जिंगचा हॅमर उभा आहे. हॅमरला बलाची पाटीच नसते, ऊर्जेची असते, आणि ‘हा हॅमर किती टन दाब देतो’ या प्रश्नाला अनुभवी लोहाराकडे उत्तर नाही. १ टन वस्तुमानाचा टप (हॅमरचा पडणारा ठोकळा) १.२ मीटरवरून पडला की ११.८ किलोज्यूल घेऊन येतो, हे ठरलेले. पहिल्या घावाला बिलेट (घडवायचा लोखंडाचा तुकडा) लालभडक आणि मऊ आहे, ती २० मिलिमीटर दबली, तर सरासरी बल ५८९ किलोन्यूटन, म्हणजे ६० टन. थंड होत चाललेली, पातळ झालेली बिलेट शेवटच्या घावाला ३ मिलिमीटरच दबली, तर त्याच टपाने, त्याच उंचीवरून, ४०० टन दिले. आणि मध्ये काहीच न ठेवता डायवर डाय आपटली, सगळे मिळून १ मिलिमीटर गेले असे म्हटले, तर १२०० टन. म्हणून रिकामा घाव घालू नये असे बजावलेले असते. ऐरणीच्या हादऱ्यात जाणारा वाटा मी सोडून दिला आहे, पण मुद्दा त्याने बदलत नाही. हॅमर ऊर्जा ठरवतो, बल किती व्हायचे ते समोरचे लोखंड ठरवते. हायड्रॉलिक प्रेस नेमकी उलटी: ती बल ठरवते, ऊर्जा किती जाईल ते काम ठरवते.

गावातल्या लोहाराच्या भात्यापाशी हेच लहान मापात दिसते. ६० किलोचा माणूस तापलेल्या सळईवर उभा राहिला, तर ५८८ न्यूटन बल लावतो आणि सळईला काही होत नाही. तोच माणूस ४ किलोचा घण सेकंदाला ८ मीटर वेगाने आणतो तेव्हा घणात १२८ ज्यूल असतात. सळई २ मिलिमीटर चेपली, तर सरासरी बल ६४,००० न्यूटन, म्हणजे साडेसहा टन. त्याच्या दंडात साडेसहा टन नाहीत. त्याने खांद्यापासून ऐरणीपर्यंतच्या दोन मीटरच्या वाटेवर थोडी थोडी ऊर्जा साठवत आणली आणि दोन मिलिमीटरमध्ये खर्च केली.

घावाचा जोर वेगाने मोजायचा की वेगाच्या वर्गाने, यावर अठराव्या शतकात युरोपात मोठा वाद होता. स ग्रावेसांडे या डच प्राध्यापकाने १७२० च्या दशकात मऊ चिकणमातीवर पितळी गोळे टाकून दाखवले की वेग दुप्पट झाला की खळगा चौपट होतो. तरीही शब्दांचा गोंधळ पुढे शंभर वर्षे चालू राहिला. हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला तेव्हा जिला आज आपण ऊर्जा म्हणतो तिच्यासाठी त्यांनी ‘क्राफ्ट’ हा जर्मन शब्द वापरला होता, ज्याचा आजचा अर्थ बल. न्यूटन हे एककाचे नाव तर १९४८ मध्ये ठरले. तेव्हा मराठीत बळ, जोर, ताकद, शक्ती हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो याची फार लाज बाळगायला नको. फक्त शॉपमध्ये आकडा लिहिताना त्यापुढचे एकक नीट लिहावे.

टन हा शब्द तर अट्टल बहुरूपी आहे. पत्र्याच्या कॉइलचा टन हे वस्तुमान. प्रेसचा टन हे बल. ऑफिसातल्या दीड टनाच्या एसीचा टन ही शक्ती आहे, कारण तो २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळवण्याच्या दरावरून आला, आणि असा एक टन ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. स्फोटाच्या बातमीत ‘इतके टन टीएनटी’ म्हणतात तो टन ऊर्जा, ४.१८ अब्ज ज्यूल. चारही टन एका कारखान्याच्या एका दिवसात ऐकू येऊ शकतात. चौथा न येवो.

तसेच बिलातल्या युनिटचे. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ही ऊर्जा आहे, शक्ती नव्हे. एका युनिटमध्ये, नुकसान शून्य धरले, तर तुमच्या ४३६ वाट्या ओढून होतात. एवढ्या स्वस्तात ऊर्जा मिळत असताना प्रेस अडकते, याचे कारण ऊर्जा कमी आहे हे नसून ती दोन सेकंदांच्या आत चाकात परत पोहोचत नाही हे आहे.

आता काय करायचे ते. आधी व्ही बेल्ट घसरत आहेत का ते पाहा, कारण सैल पट्ट्यांमुळे मोटर कितीही दमदार असली तरी चाक उपाशी राहते. मग स्ट्रोक एकेक करून मारा आणि मिनिटाला अठरा-वीसवर या. वीसला फेरी तीन सेकंदांची होते, चाकात ८.८ किलोज्यूल परत जातात, आणि खर्च ८.२४ आहे, म्हणजे काटेकोर पण भागते. अठराला थोडी सवड मिळते. कुशनचा दाब सुरकुत्या न येण्यापुरता खाली आणा आणि पत्र्याला चांगले ड्रॉइंग तेल लावा. बल दहा टक्के उतरले, तर ऊर्जाही तितकीच उतरते. उत्पादन मिनिटाला ३० च हवे असेल, तर साडेसात अश्वशक्तीची मोटर बसते का ते उत्पादकाला विचारा. त्याने दर स्ट्रोकची तूट भरून निघेल, पण वेग २१ टक्के उतरणे तसेच राहील, कारण ते चाकाच्या मापावर अवलंबून आहे. त्यावर उपाय जड चाक किंवा दोन टप्प्यांत ड्रॉ. चाकाचे फेरे वाढवून ऊर्जा वाढवण्याचा मोह टाळा: फेऱ्यांच्या वर्गाने ऊर्जा वाढते, तसा रिमवरचा ताणही वर्गानेच वाढतो, आणि बिडाचे चाक फुटते तेव्हा शेजारच्या भिंतीतून पार जाते.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. ‘कमी स्ट्रोक’ याचा अर्थ कोणी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) लावून मोटरच हळू फिरवणे असा घेतात. वेग ६० टक्क्यांवर आणला, तर चाकातली ऊर्जा ३६ टक्क्यांवर येते, म्हणजे २१.९ ची ७.९ किलोज्यूल, आणि मग सातव्या नगाची वाट पाहावी लागणार नाही. पहिल्याच वाटीत स्लाइड थांबेल. चाक पूर्ण वेगाने फिरत राहिले पाहिजे आणि थांबायचे ते दोन स्ट्रोकच्या मध्ये.

यानंतरही १६० टनांची प्रेस घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याकडून चार आकडे लेखी मागा: पूर्ण बल तळाच्या किती मिलिमीटर वर मिळते, तळापासून ४० मिलिमीटरवर किती मिळते, तुमच्या स्ट्रोक-संख्येला एका स्ट्रोकमागे वापरता येणारी ऊर्जा किती किलोज्यूल, आणि ती संख्या चाकाच्या किती टक्के वेग-उतारासाठी दिली आहे. तिसरा आकडा १० च्या खाली असेल, तर तुमच्या वाटीसाठी ती प्रेस हल्लीच्या १०० टनांच्या प्रेसहून फार वेगळी नाही.